मर्लच्या मागच्या दहा गाड्या

"बावीस वर्षं!" मर्ल टॅगर्टने टेबलावर हात आपटला आणि कॉफी सांडली. "बावीस वर्षं शाळेची बस चालवतोय मी! आत चोपन्न पोरं, बाहेर गुडघाभर बर्फ, मागच्या बाकावर मारामारी, आणि एकाला तरी हमखास उलटी! आजवर बसला ओरखडा नाही. आणि तू मला एका कच्च्या रस्त्याची भीती घालतेस?"

"भीती कुठे घातली? नेशील ना नीट, एवढंच विचारलं," रोझॅन म्हणाली आणि फडक्याने कॉफी पुसू लागली.

आता खरं सांगायचं तर प्रश्न रस्त्याचा नव्हताच. मर्लला रोझॅनशी लग्न करायचं होतं. मार्च महिन्यात, ती औषधांच्या दुकानातून काम संपवून बाहेर पडताना, त्याने तिला पार्किंगमध्ये विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "माझं हो आहे रे. पण या घरात आम्ही दोघी राहतो. अर्धं हो ब्रिनकडून आण."

ब्रिन म्हणजे रोझॅनची मुलगी. वय वर्षं बारा. चष्म्यावरून अशी बघायची की समोरचा माणूस आपोआप शर्टाची बटणं तपासायचा! तिने चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी निकाल दिला. "हॅचेट खिंडीपलीकडची फुलं दाखव. मग सांगते."

जुलैअखेर त्या खिंडीपलीकडे सगळं खोरं निळ्याजांभळ्या फुलांनी भरतं. बेल क्रीक गावातल्या प्रत्येक मुलाने ते पाहिलेलं होतं, ब्रिन सोडून. तिच्या वडिलांनी, कर्टने, तीन उन्हाळे तिला कबूल केलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात गाडीच्या बॅटरीने दगा दिला, दुसऱ्यात साहेबाने सुट्टी नाकारली, आणि तिसऱ्यात म्हणे ब्रिनच्या आईनेच त्याचं डोकं फिरवलं. नाचता येईना, अंगण वाकडं, असा कर्टचा कायमचा प्रकार. आणि अंगण दर वेळी दुसऱ्याचंच! आता तो नेवाडात असतो आणि नाताळला कार्ड पाठवतो.

मर्लला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून तर त्याने मे महिन्यात गाडी घेतली. गाडी चौदा वर्षांची, चारही चाकं ओढणारी. आधीची मालकीण दंतवैद्य होती आणि तिने घर ते दवाखाना यापलीकडे गाडीला जग दाखवलं नव्हतं. कंपनीतून निघाली तशीच बुटकी, शहरी टायरांची गाडी. फक्त टपावर कुणीतरी हौसेने चार पिवळे दिवे बसवले होते, आणि त्यांतला एकही लागत नव्हता. पण मर्लला चिंता नव्हती. तो दोन महिने रोज जेवणानंतर फोनवर व्हिडिओ बघत होता.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आठ वाजता मर्ल आणि ब्रिन डोंगराच्या पायथ्याशी पोचले. मर्ल खाली उतरला आणि टायरशी उकिडवा बसला. फुस्सऽऽ!

"मर्ल, हवा का सोडतोयस?"

"हवा कमी केली की टायर पसरतो गं. दगडाला चांगला धरतो. पस्तीसवरून वीसवर आणायची."

"तुला कुणी सांगितलं?"

"एका दाढीवाल्याने."

"ओळखीचा आहे?"

"फोनमधला आहे."

ब्रिनने चष्मा वर सरकवला आणि बसत चाललेल्या टायरकडे पाहिलं. ती काही बोलली असती तर बरं, असं मर्लला वाटून गेलं.

पण पहिले तीन मैल झकास गेले! दाढीवाल्याने सांगितल्याप्रमाणे मर्लने गाडी सगळ्यांत हळू पण सगळ्यांत ताकदीच्या गियरमध्ये टाकली, आणि काठोकाठ भरलेली कॉफी घेऊन चालावं तशी गाडी दगडांवरून चालू लागली. डावीकडे कडा, उजवीकडे खोल दरी, मध्ये जेमतेम एका गाडीची वाट. अधूनमधून वाट जरा फुगलेली, तेवढ्यात दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचं. दाढीवाल्याचा आणखी एक नियम मर्लला पाठ होता: चढणाऱ्याला आधी वाट. उतरणारा बाजूला घेतो. त्या दाढीवाल्याचा डोंगरातल्या हातवाऱ्यांवरही एक व्हिडिओ होता. पण त्यात सुरुवातीलाच गादीची जाहिरात लागली, म्हणून मर्लने तो बंद केला होता.

आणि समोरून लाल जीप आली! आत हॅटवाला म्हातारा. त्याने झटकन गाडी रुंद जागी घेतली आणि खिडकीतून दोन बोटं दाखवली.

मर्लने हसून हात वर केला. पाचही बोटं पसरून, चांगला ऐसपैस. बसवाल्याने समोरच्या बसवाल्याला हात करायचा, हा बावीस वर्षांचा शिरस्ता. हात न करणाऱ्याबद्दल डेपोत आठवडाभर बोललं जातं!

म्हाताऱ्याने मान डोलावली, इंजिन बंद केलं आणि थर्मास उघडला.

"बघितलंस?" मर्ल गहिवरला. "आपल्याला वाट दिली, वर आपला धूर नको म्हणून इंजिनसुद्धा बंद केलं. डोंगरातली माणसंच वेगळी गं!"

मागोमाग हिरवी गाडी. आत नवरा-बायको आणि एक कुत्रा. बायकोने एक बोट दाखवलं.

"एकच बोट?" मर्ल चपापला. "आपलं काही चुकलं का?"

"ते वाईट बोट नाहीये. त्याच्या शेजारचं आहे," ब्रिनने खुलासा केला.

मर्लचा जीव भांड्यात पडला. त्याने पुन्हा पंजा उभारला. त्या दोघांनीही गाडी बंद केली आणि कुत्र्याला पाय मोकळे करायला खाली उतरवलं. तिसरी गाडी पांढरी, मोठी. तिच्या चालकाने तर मूठच उगारली!

"ही बहुतेक 'हिंमत धरा'ची मूठ असणार," मर्ल म्हणाला. "चल ब्रिन, तूही कर हात. एवढी प्रेमळ माणसं आहेत!"

ब्रिनने जरा विचार केला. मग तिच्या बाजूच्या खिडकीतून तिनेही हात बाहेर काढून पंजा पसरला. एका खिडकीत पाच, दुसऱ्या खिडकीत पाच. पांढऱ्या गाडीवाल्याचे डोळे विस्फारले. त्याने आधी या हाताकडे पाहिलं, मग त्या हाताकडे, आणि मुकाट्याने गाडी होईल तितकी कड्याला चिकटवून उभी केली.

त्या क्षणी मर्ल फार सुखात होता. शेजारी ब्रिन हात करत होती, पुढे खिंड होती, मागे रोझॅनने बांधून दिलेले, पोळीत हिरव्या मिरचीचं सारण गुंडाळलेले आठ बरिटो दरवळत होते. आपलं पण एक घर होणार, असं त्याला पहिल्यांदाच खरंखरं वाटलं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला असं वाटलं की तो रस्त्याकडे जरा कमी बघतो.

धाडकन आवाज झाला आणि गाडी थांबली!

पोट दगडावर टेकलं होतं. मागची दोन्ही चाकं हवेत गरगर फिरत होती. मर्लने पुढे घेऊन पाहिलं, मागे घेऊन पाहिलं, खाली उतरून गाडीखाली लोळून पाहिलं. ब्रिनने चाकांखाली घालायला दगड आणले. मर्लने जॅक लावला, जॅक मातीत रुतला. मर्लने जॅक काढायला कुदळ आणायचं ठरवलं, कुदळ घरी होती. फोनला रेंज नव्हती. असा तासभर गेला, मर्ल धुळीने असा माखला की त्याचं त्यालाच ओळखू येईना.

"खिंड किती लांब आहे?" ब्रिनने विचारलं.

"दोन मैल."

"बाबा म्हणाला असता, दगड चुकीच्या जागी होता."

मर्लने दगडाकडे पाहिलं. दगड पन्नास-साठ हजार वर्षं तरी तिथेच असावा. "दगडाचं काही चुकलं नाही गं," तो म्हणाला. "मी बघत नव्हतो."

ब्रिनने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि आणखी एक दगड आणायला गेली.

पावणेबारा वाजता खालून घरघर आली. एक जुनी नारिंगी जीप दगडांवरून टुणटुण उड्या मारत आली आणि त्यांच्या मागे थांबली. आतून सत्तरीच्या एक बाई उतरल्या. दोन पांढऱ्या वेण्या, खांद्यावर दोराचं वेटोळं, कमरेला वॉकीटॉकी. या फर्न. डोंगरात कुणी हरवलं-अडकलं की गावचे स्वयंसेवक धावून जातात, त्यांच्या या मुख्य. गावचा पोलीसप्रमुख शेरीफसुद्धा यांच्यापुढे टोपी काढतो.

"तूच का रे तो म्होरक्या?" फर्नबाईंनी सरळ तोफ डागली.

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? स्वतःच्या दहा गाड्या मागे टाकून आलास आणि मलाच विचारतोस? लाज नाही वाटत? माणसं आहेत का मेंढरं?"

"दहा..." मर्लने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.

"आता मोजू का नको? लाल जीपवाल्या डेलला तू पाच दाखवलीस. त्या कुत्रेवाल्यांना पाच. आणि पांढऱ्या गाडीला दहा! तिघांची मिळून वीस झाली, मी आपली शहाणी म्हणून दहाच धरली. ते बिचारे तुझ्या गाड्यांना वाट द्यायला थांबले. खालून आलेले तुझे नव्हते, पण तेही तुझी माणसं शोधायला तिथेच थांबले. अकरा गाड्या आहेत खाली, तीन कुत्री, आणि लघवी लागलेल्या एक बाई! तासभर झाला, तुझी एक गाडी येईल तर शपथ! शेवटी डेल काठावर पालथा पडून, गाड्या दरीत पडल्या का ते बघायला लागला, तेव्हा मला बोलावलं. शेरीफ हेलिकॉप्टर मागवतोय!"

"पण बोटं... ती बोटं कशाची?" मर्लने चाचरत विचारलं.

"अरे देवा! मागे किती गाड्या येतायत त्याची! दोन बोटं म्हणजे दोन. एक म्हणजे एक. मूठ म्हणजे मीच शेवटचा. समोरच्याला कळायला नको, निघायचं का थांबायचं? डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं!"

मर्ल बोटांवर मोजू लागला. लाल जीप दोन, हिरवी एक, पांढरी मूठ. अगदी बरोबर! तीन गाड्या एकमेकींमागून येत होत्या आणि प्रामाणिकपणे सांगत होत्या. आणि तो हसून हसून पाच, पाच, दहा असं उत्तर देत होता!

त्याचा चेहरा बघून फर्नबाईंचा आवाज जरा मऊ झाला. तो आपल्या माणसांच्या काळजीने पांढरा पडलाय, असं त्यांना वाटलं. "हे बघ बाबा, घाबरू नकोस. खाली जुन्या खाणीचा फाटा आहे. तिथून परत फिरले असतील ना ते? पहिल्यांदा आलेले बरेचदा तिथूनच पळ काढतात. तसं असेल तर तसं सांग. परत फिरले, एवढं मी वॉकीटॉकीवर बोलते, हेलिकॉप्टर थांबतं, सगळे सुटतात. तुला दगडावरून ओढून देते, की तू आपला जा वर. ढग यायला अजून थोडा वेळ आहे, फुलं मिळतील पोरीला."

आता तुम्हीच सांगा! 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? एक अक्षर. ना कुणाला कळणार, ना कुणाचं नुकसान. हेलिकॉप्टर थांबणार, खालची बाई मोकळी होणार, आणि दोन मैलांवर खिंड, खिंडीपलीकडे फुलं, फुलांपलीकडे ब्रिनचं अर्धं हो! मर्लने तोंड उघडलं. 'ह' ओठांपर्यंत आलासुद्धा.

आणि त्याची नजर ब्रिनकडे गेली. ती हातात दगड घेऊन उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही, आशेनेही नाही. आता हा काय सांगणार ते आपल्याला आधीच माहीत आहे, असं बघत होती. बारा वर्षांच्या मुलीने असं बघू नये. मर्लला फार वाईट वाटलं.

"बाई," तो म्हणाला, "कुणी परत फिरलं नाही. मागे कुणी नव्हतंच. मी एकटाच आहे."

"मग दहा?"

"मी बस चालवतो हो. शाळेची. समोरून कुणी आलं की हात करायची सवय आहे. मला वाटलं, लोक नमस्कार करतायत."

एक वेणी फर्नबाईंनी पुढून मागे टाकली, मग दुसरी. मग कमरेची वॉकीटॉकी काढून त्याच्या हातात दिली. "मी नाही सांगणार. तू सांग. सगळा डोंगर ऐकतोय."

मर्लने बटण दाबलं. "मी मर्ल टॅगर्ट. बेल क्रीकचा. शाळेची बस... तुम्ही ज्या गाड्यांची वाट बघताय त्या नाहीतच. कुणी हरवलेलं नाही. मला बोटांचं माहीत नव्हतं. मी हात केला होता. चूक माझी. माफ करा."

आधी नुसती खरखर आली. मग एक म्हातारा आवाज आला. "म्हणजे मी तासभर एका 'राम राम'ची वाट बघत बसलो होतो?"

"हो, डेल," फर्नबाई म्हणाल्या.

"काठावर पालथा पडलो होतो मी! या गुडघ्यांनिशी!"

मागून कुणीतरी फुटलं. मग सगळेच फुटले! वॉकीटॉकीतून अकरा गाड्यांचं हसणं आणि तीन कुत्र्यांचं भुंकणं एकदम बाहेर आलं. मर्लचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

तेवढ्यात ब्रिनने दगड खाली टाकला, त्याच्या हातातली वॉकीटॉकी ओढून घेतली आणि बटण दाबलं. "मी ब्रिन. पांढऱ्या गाडीला दाखवलेल्या दहांतली पाच माझी होती. मर्लची पाचच होती. मीपण सॉरी." आणि वॉकीटॉकी फर्नबाईंना परत दिली.

फर्नबाईंनी शेरीफला निरोप देऊन हेलिकॉप्टर थांबवलं, दोर लावला आणि दोन झटक्यांत गाडी दगडावरून खाली काढली. मर्लने हळूच खिंडीकडे बोट केलं, तशी त्यांनी मान हलवली.

"नाही. ज्याला बोटं माहीत नाहीत त्याला मी आज वर सोडणार नाही. आणि वेळही गेला. ते बघ, ढग चढायला लागले. खिंडीत वीज पडते. मागे फिर."

मर्लने दोन मैलांवरच्या खिंडीकडे एकदा पाहिलं आणि गाडी फिरवली. चौथा उन्हाळा. या वेळी बॅटरी ठीक होती, साहेब नव्हता आणि रोझॅनने तर डबा भरून दिला होता. "ब्रिन," तो म्हणाला, "फुलं राहिली. माझ्यामुळे राहिली."

ब्रिन चष्मा काढून पुसत होती. ती "हं" म्हणाली. त्या 'हं'चा अर्थ लावत लावत मर्ल सबंध डोंगर उतरला, पण अर्थ काही लागला नाही.

उतरताना प्रत्येक गाडीपाशी तो थांबला, खाली उतरला आणि टोपी काढून माफी मागितली. प्रत्येकाने त्याला पसरलेला पंजा दाखवला. कुत्रेवाल्यांनी तर कुत्र्याचाही पाय वर करून दाखवला! बरिटो आठ होते आणि गाड्या अकरा, म्हणून ब्रिनने चाकूने अर्धे अर्धे करून वाटले. फक्त लघवीवाल्या बाईंनी घेतला नाही. हॅटवाल्या डेलने मात्र अर्धा खाऊन आणखी अर्धा मागितला आणि म्हणाला, "काही म्हण, हात मात्र मनापासून केला होतास!"

तीन वाजता दोघं घरी पोचले. रोझॅन दारातच उभी होती. "काय गं, दिसली फुलं?"

"नाही," ब्रिन म्हणाली आणि आत जाऊन स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. मग तिने सगळं सांगितलं. दाढीवाला, बोटं, मूठ, दगड, हेलिकॉप्टर. एकही शब्द गाळला नाही, एकही वाढवला नाही. मर्ल दाराशी टोपी चुरगाळत उभा होता. आपल्याला आत बोलावलंय की नाही, हे त्याला कळेना. बावीस वर्षांत बसला ओरखडा नव्हता आणि आज एका दिवसात गाडीचं सगळं पोट सोलवटलं होतं. मनातल्या मनात त्याने आपल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता आठवून ठेवला.

रोझॅनने हसू आवरत ऐकून घेतलं. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे तू सांगितलेलं झालं नाही तर."

"नाही झालं," ब्रिन म्हणाली.

"मग आता?"

ब्रिनने टेबलावरचा एक दाणा बोटाने इकडून तिकडे सरकवला. "आई, त्या बाईंनी त्याला खोटं तयार करून हातात दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. तो म्हणालाच नाही." ती थांबली. "म्हणाला, चूक माझी. वॉकीटॉकीवर! सगळ्यांना ऐकू गेलं." पुन्हा थांबली. "तू हो म्हण त्याला."

रोझॅनने मर्लकडे पाहिलं. मर्लने पाठ फिरवली आणि दाराबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"मर्ल?" रोझॅन म्हणाली. "काय झालं रे?"

"काही नाही. डोंगरावरची धूळ. डोळ्यांत गेली..."

"मर्ल!" ब्रिन खुर्चीवरून ओरडली. "खोटं बोलू नकोस हं! मी आत्ताच हो म्हटलंय!"

"रडतोय," मर्ल म्हणाला.